वजनाचा काटा अडला तर?



नागपूरच्या धंतोलीतल्या किंवा रामदासपेठेतल्या एखाद्या दवाखान्यात पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घरची बाई गावी परतली, की पहिले काही महिने घरात आनंदीआनंद असतो. आठवड्याला दोन-दोन किलो वजन उतरते. पोलकी सैल होतात, गुडघ्यांची कुरकुर थांबते, ओट्याच्या पायऱ्या चढताना दम लागत नाही. शेजारणी मुद्दाम पाहायला येतात. घरात आणलेला वजनाचा काटा देवघरातल्या देवाइतका महत्त्वाचा होऊन बसतो.

आणि मग एका सोमवारी काटा होता तिथेच राहतो. पुढच्या सोमवारीही तिथेच. तिसऱ्या सोमवारी उलट पाव किलो वर! घरात कुजबुज सुरू होते. "एवढे लाख घातले आणि हे काय?" कोणी तोंडावर बोलते, कोणी मागे. ती बाई कोणाला काही सांगत नाही. रात्रीची अर्धी भाकर सोडते. मग सकाळचे दूध सोडते. गोळ्या गरम पडतात असे कोणीतरी म्हणते, म्हणून त्याही फळीवर ठेवून देते. महिनाभरात केस मूठमूठ गळू लागतात, उठताना चक्कर येते, आणि काटा मात्र जागचा हलत नाही.

हा लेख त्या बाईसाठी आहे, तिच्यासारख्याच पुरुषासाठी आहे, आणि त्याहून अधिक तिच्या घरच्यांसाठी आहे. सांगायची गोष्ट एकच. काटा थांबला की जेवण तोडायचे नसते, तपासायचे असते.

हे दुखणे आता शहराचे राहिलेले नाही

"लठ्ठपणा हा गादीवर बसणाऱ्या शेटजींचा रोग, कष्टकऱ्याला कुठला?" असे आपण म्हणत आलो. आता तसे म्हणता येत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष प्रमाणापेक्षा जास्त वजनाचे आढळले. ग्रामीण भागातही हे प्रमाण पाचात एकाच्या आसपास आहे. वावरात जायला मोटारसायकल आली, नांगराला ट्रॅक्टर आला, दळण-कांडण गिरणीत गेले. कष्ट कमी झाले, पण ताट तेवढेच राहिले. आणि त्यात दुकानातली बिस्किटे, फरसाण आणि गोड पेये यांची भर पडली.

फार वाढलेल्या वजनाबरोबर मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी आणि झोपेत श्वास अडकणे ही दुखणी येतात. पथ्य आणि व्यायाम करूनही वजन आटोक्यात येत नसेल, तर डॉक्टर शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. २०११ सालच्या सप्टेंबरात नागपूरचे नितीन गडकरी, जे तेव्हा भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते, यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. त्याची बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती. पुढे २०२२ साली उज्जैनच्या एका जाहीर कार्यक्रमात त्यांनी आपले वजन एके काळी १३५ किलो होते आणि आता ९३ किलो आहे, असे सांगितले. या दोन प्रसंगांमध्ये दहा वर्षांहून अधिक काळ गेला हे ध्यानात घ्या. आणि तब्येतीचा विषय निघाला, की ते शस्त्रक्रियेपेक्षा रोजच्या व्यायामाबद्दल आणि प्राणायामाबद्दलच अधिक बोलतात. शस्त्रक्रिया एका दिवसात होते, पुढचे काम वर्षानुवर्षांचे असते.

पोटात नेमके काय केलेले असते?

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार जास्त चालतात. पहिल्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाला एक लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न वाटेतला काही भाग टाळून पुढे जाते. दोन्हींत थोड्या घासांत पोट भरते. शिवाय भुकेचा निरोप मेंदूला पोचवणारी संप्रेरके बदलतात, त्यामुळे सुरुवातीला भूकही फारशी लागत नाही.

पण शस्त्रक्रिया पोटावर झाली आहे. जिभेवर, सवयीवर आणि घरच्या आग्रहावर झालेली नाही. त्या तिघी जिथल्या तिथे असतात.

काटा का थांबतो?

पहिल्या काही आठवड्यांत जे वजन झरझर उतरते, त्यात चरबीबरोबर पाण्याचा वाटा मोठा असतो. शरीर आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा ठेवते, आणि त्या साठ्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. खाणे एकदम कमी झाले की आधी हा साठा संपतो आणि पाणीही जाते. मग शरीर थोडे सावरते, काही पाणी परत धरते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुष्कळांचा काटा आठ-पंधरा दिवस अडतो. त्यात घाबरण्यासारखे काही नसते.

दुसरे कारण हिशेबाचे आहे. तीस किलोची बियाण्याची बॅग डोक्यावर घेऊन वावरात जा, आणि मग मोकळ्या हाताने जा. वाट तीच असली तरी दम सारखा लागत नाही. १२० किलोचे शरीर ९० किलोवर आले, म्हणजे ती बॅग कायमची खाली उतरली. साहजिकच त्याच चालण्याला, त्याच कामाला आता कमी ताकद खर्च होते. ज्या जेवणावर आधी वजन उतरत होते, त्याच जेवणावर आता ते स्थिर राहते.

तिसरे कारण शरीराच्या शहाणपणाचे आहे. विहिरीचे पाणी तळाला गेले, की शेतकरी काय करतो? मोटर दिवसभर चालवत नाही, एक सरी आड पाणी देतो. शरीरही तसेच करते. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने जवळजवळ अर्ध्या अन्नावर ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले, पण शरीराने आपला खर्चही आखडता घेतला. हातपाय गार पडू लागले, अंगातला उत्साह गेला, मन रात्रंदिवस अन्नाभोवती घोटाळू लागले.

म्हणूनच काटा अडला असता जेवण आणखी तोडणे हा उलटा उपाय ठरतो. शरीर खर्च अधिक आखडते. पुरेशी प्रथिने न मिळाल्यामुळे स्नायू झिजवते. स्नायू म्हणजे घरातले कमावते माणूस, ताकद खर्च करणारा भाग तोच. तो झिजला की पुढे वजन उतरणे अधिकच अवघड होते.

थांबा की मुक्काम?

नागपूरहून काटोलला जाणारी एसटी वाटेत कळमेश्वरला थांबते. तिथे काटोल आले असे समजून कोणी उतरत नाही, आणि गाडी बिघडली म्हणून रडतही नाही. वजनाचेही तसेच आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्ष-दीड वर्षात असे दोन-तीन थांबे येणे नेहमीचे आहे.

मात्र प्रत्येक गाडीला शेवटचे गावही असते. स्वीडन देशात १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या पाहणीत हजारो रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. आतड्याला वळण देण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के वजन उतरले होते. मग थोडे परत वाढले आणि दहा वर्षांनी मूळ वजनापेक्षा २५ टक्के कमी असे स्थिर राहिले. म्हणजे १२० किलोची व्यक्ती दहा वर्षांनी ९० किलोवर असेल, तर तिची शस्त्रक्रिया फसली असे नव्हे, चांगली यशस्वी झाली. त्याच पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्यांचे मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले.

तेव्हा आधी हा प्रश्न विचारा. शस्त्रक्रियेला किती महिने झाले? सुरुवातीच्या वजनाचा चौथा हिस्सा उतरला आहे का? साखर, रक्तदाब, गुडघे, झोप यांत सुधारणा आहे का? शेजारच्या मुलीसारखे बारीक दिसणे हे माप धरू नका.

आणि काट्यावर रोज चढू नका. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाहून आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करा. जोडीला शिंप्याची टेप घेऊन महिन्यातून एकदा कंबर मोजा. कित्येकदा काटा अडलेला असतो आणि कंबर दोन बोटांनी उतरलेली असते. पऱ्हाटीचेच पाहा ना. बोंडे भरू लागली की झाडाची उंची वाढायची मंदावते. उंचीच मोजत बसणाऱ्याला वाटेल पीक थांबले, पण आत कापूस तयार होत असतो.

पाटातली बिळे शोधा

विहिरीवर मोटर चालू आहे आणि वाफ्यात पाणी पोचत नाही, तर आपण पाटाच्या कडेने उंदराचे बीळ शोधत जातो. तीन-चार आठवडे काटा हललाच नाही, तर असेच करावे. एक वही घ्या आणि आठ दिवस तोंडात गेलेली प्रत्येक वस्तू लिहा. पोराच्या ताटातला उरलेला घास, चव पाहण्यासाठी घेतलेला चमचा, सगळे. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगा. बहुतेक बिळे या पाच ठिकाणी सापडतात.

पहिले बीळ चहाचे. पाहुणा आला चहा, वावरातून आले चहा. सहा कप, कपात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला साठ ग्रॅम साखर. तिचे सुमारे २४० उष्मांक होतात, म्हणजे दवाखान्यात ज्याला कॅलरी म्हणतात ते. महिन्याला झाले ७,२००. एक किलो चरबीत साधारण ७,७०० उष्मांक असतात. निव्वळ चहाच्या साखरेने किलोभर चरबी अडवून धरली की नाही? गूळ घातला तरी हिशेब फारसा बदलत नाही.

दुसरे बीळ पातळ पदार्थांचे. लहान झालेले पोट भाकरीला अडवते, पण उसाचा रस, सरबत, गोड लस्सी यांना अडवत नाही. ते सरळ खाली उतरतात. आपण संत्र्याच्या मुलखातले लोक. रस काढून पिण्यापेक्षा संत्रे सोलून, फोडी चावून खावे.

तिसरे बीळ सारखे तोंड चालू ठेवण्याचे. एका वेळी दोनच घास जातात, म्हणून दिवसभर मूठमूठ चिवडा, शेव, शेंगदाणे चालू राहतात. थेंबे थेंबे तळे साचे. जेवणाच्या आणि मधल्या खाण्याच्या वेळा ठरवा, एरवी तोंड बंद.

चौथे बीळ उपवासाचे. साबुदाण्याची खिचडी, तळलेला बटाटा, दाण्याचा कूट यांत प्रथिने थोडी आणि उष्मांक फार. आणि निर्जळी उपवास तर अशा शरीराला धोक्याचाच. देवाला तुमची उपासमार नको आहे. उपवास धरायचाच असेल, तर डॉक्टरांना विचारून दूध, दही, पनीर यांवर करावा.

पाचवे बीळ दारूचे. या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः आतड्याला वळण दिल्यानंतर, दारू झटकन रक्तात चढते आणि व्यसन लागण्याचा धोका वाढतो. मोहाची असो की बाटलीतली, तिच्यापासून दूरच राहावे.

ताटात काय असावे?

बहुतेक आहारतज्ज्ञ अशा व्यक्तीला दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने घ्यायला सांगतात. त्यासाठी दुकानातला महागडा डबा प्रत्येकाला लागतोच असे नाही. आपल्याच घरातला हिशेब पाहा. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, पाव लिटर दुधात सुमारे ९, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये ९, सोयाबीनच्या पंचवीस ग्रॅम कोरड्या वड्यांत १३, पंचवीस ग्रॅम तुरीच्या डाळीच्या वरणात साडेपाच, मूठभर फुटाण्यांत पाच, लहान वाटी दह्यात तीन, अर्ध्या ज्वारीच्या भाकरीत तीन. बेरीज साठीच्या घरात गेली! अंडे न खाणाऱ्यांनी पनीर आणि दूध वाढवावे. आपण विदर्भातले शेतकरी पोत्यांनी सोयाबीन पिकवतो आणि सगळे बाजार समितीत नेऊन घालतो. त्यातले चांगले शिजवलेले थोडे घरच्या ताटातही येऊ द्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

जेवताना क्रम पाळा. आधी अंडे, पनीर, उसळ किंवा घट्ट वरण, मग भाजी, शेवटी जागा उरली तर भाकर. आपल्याकडे आधी भाकर-चून खाऊन पोट भरते आणि वरणाची वाटी तशीच उरते. तो क्रम उलटा करा. घास लहान, चावणे भरपूर, जेवणाला वीस मिनिटे.

पाणी जेवताना पिऊ नका. जेवणानंतर अर्धा तास जाऊ द्या, मग घोट-घोट करून दिवसभरात दीड-दोन लिटर पोचवा. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि लहान पोटात एकदम तांब्याभर पाणी मावत नाही. म्हणून बाटली कायम जवळ हवी. वावरात गेले तर बांधावर नव्हे, हाताशी.

डॉक्टरांनी दिलेल्या जीवनसत्त्वांच्या, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभराच्या असतात. त्या वजन वाढवत नाहीत. त्या सोडल्या तर रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात, हातापायांना मुंग्या येतात.

मेहनतीचे अंग, तरी व्यायाम?

"दिवसभर कामच करते, आणखी व्यायाम कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. पण निंदण आणि वेचणी हंगामात असते, बाराही महिने नसते. शिवाय शरीर ठरावीक कामाला सरावते. रोज अर्धा तास दम वाढेल असे चालावे, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना जोर देणारे काम करावे. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, पाण्याच्या दोन लहान बादल्या उचलून अंगणात फेऱ्या घालणे. जड उचलण्याला मात्र शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच हात घालावा. झोपही सात तासांची हवी. अपुऱ्या झोपेने भूक वाढते.

दवाखान्यात केव्हा जावे?

ठरलेल्या तपासण्या चुकवू नका. सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, लग्नसराई यांत नागपूरची फेरी मागे पडते आणि वर्ष निघून जाते. वरचे सगळे नीट पाळूनही दीड-दोन महिने काटा हलला नाही, किंवा उतरलेले वजन परत चढू लागले, तर वही घेऊन जा. थायरॉइडची तपासणी होईल. चालू औषधे पाहिली जातील, कारण इन्शुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या आणि मानसिक विकारांवरची काही औषधे वजन उतरू देत नाहीत. पण ती आपल्या मनाने बंद करू नका. बाजारातल्या गुडघेदुखीच्या पुड्या घेत असाल तर तेही सांगा. त्यांत कधीकधी स्टिरॉइड मिसळलेले असते.

तरुण सुनांसाठी आणखी एक. वजन उतरल्यावर दिवस राहण्याची शक्यता वाढते, आणि काटा थांबण्याचे कारण तेही असू शकते. शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायला सांगतात. पाळी चुकली असेल तर आधी ती तपासणी करा.

गरज वाटली तर डॉक्टर औषधही देतात. आठवड्याला एकदा घ्यायची टिर्झेपटाइडची आणि वजनासाठीची सेमाग्लुटाइडची इंजेक्शने २०२५ साली भारतात आली. काहींना दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. हे निर्णय तज्ज्ञांचे आहेत, औषधाच्या दुकानाच्या फळीवर घ्यायचे नव्हेत.

सारख्या उलट्या, पोटात तीव्र कळ, ताप, काळी शौचास होणे, चालताना तोल जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे यांपैकी काहीही झाले, तर काट्याचा विचार सोडा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरच्यांसाठी

शेवटी सासूबाई, मामंजी आणि घरधन्यासाठी दोन शब्द. "एक घास माझ्यासाठी" हा आग्रह आता प्रेमाचा राहिलेला नाही. आणि "पैसे वाया गेले" हे वाक्य तर घरात उच्चारूच नका. त्या वाक्याने माणूस चोरून उपाशी राहते, नाहीतर चोरून खाते. दोन्हींत नुकसान घराचेच. घरात फुटाणे आणून ठेवा, फरसाण आणू नका. चहा सगळ्यांचाच फिका करा. साखर कमी झाली तर कोणाचेही वाईट होणार नाही. संध्याकाळी तिला एकटीला चालायला पाठवू नका, सोबत जा.

पेरणी झाल्यावर पाऊस ओढ देतो तेव्हा आपण पेरलेले उपटून टाकत नाही. डवरणी करतो, तण काढतो, ओल धरून ठेवतो आणि वाट पाहतो. काट्यानेही अशीच ओढ दिली आहे. येत्या सोमवारी वजन तेवढेच भरले, तर त्या बाईच्या ताटातली अर्धी भाकर काढून घेऊ नका. तिच्या ताटात वरणाची वाटी आधी ठेवा.